फेटा उलटा पडला : लाल टोपीच्या एका ओरांडाचं प्रकरण

दसरा होऊन चार दिवस झाले होते. भर दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईने दार वाजवलं. "काकू, फेटा गेला वाटतं. पोट वर करून तरंगतोय. पण तोंड हलतंय अजून."

फेटा हा त्यांच्या टाकीतला गोल्डफिश. अंग पांढरंशुभ्र आणि डोक्यावर मात्र लालभडक फुगीर गोळा, म्हणून नातीने ठेवलेलं नाव. जात ओरांडा, त्यातला लाल टोपीचा. मी नोकरीभर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि तीसेक वर्षं मासे पाळते आहे. त्यामुळे डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत कुणाच्या टाकीला काही झालं की पहिली हाक मलाच येते. बऱ्याचदा मी पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. या वेळी झाला नव्हता, म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत नोंदी करत गेले. हे लिखाण त्या वहीवरूनच.

पहिल्या दिवशी काय दिसलं

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण ४८ लिटर. आत तीन मासे : फेटा, ठिपक्याठिपक्यांचा दुसरा एक ओरांडा आणि एक रयुकिन, तीही गोल्डफिशचीच एक जात. फेटा शेपूट सोडून ९ सेंटीमीटर, वय अंदाजे तीन वर्षं.

तो पाण्याच्या वरच्या थरात उताणा पडला होता. पोटाचा रुपयाएवढा भाग पाण्याबाहेर, कोरडा पडून लालसर झालेला. खवले अंगाला नीट चिकटलेले होते. ते अननसासारखे उभे राहिलेले नाहीत हे आधी बघितलं, कारण तसं असतं तर शरीरात पाणी साठलंय असं समजायचं आणि मग फारशी आशा नसते. डोळे बाहेर आलेले नव्हते. कल्ले मात्र भराभर हलत होते. मी बोट जवळ नेलं तसा तो जिवाच्या आकांताने खाली गेला, तळाला तोंड टेकवलं, आणि शेपटी मारायचा थांबताच बुचासारखा पुन्हा वर.

म्हणजे बुडायची ताकद होती, बुडून राहता येत नव्हतं.

घरच्यांशी बोलल्यावर कळलं की हे त्या दिवशी सुरू झालेलं नव्हतं. दोनेक महिने प्रत्येक खाण्यानंतर फेटा अर्धा तास 'शीर्षासन' करायचा. डोकं खाली, शेपूट वर. घरात सगळ्यांना ते कौतुकाचं वाटे, पाहुण्यांना मुद्दाम दाखवत. गणपतीत आलेल्या मंडळींनी त्याचे व्हिडिओ काढून नेले होते.

घरगुती उपाय सुरू झालेले होतेच. मूठभर खडे मीठ, निळं औषध, आणि एका दुकानात मिळालेला सल्ला : हा रोग बरा होत नाही, दुसरा घ्या.

मी माझा टेस्ट किट आणला. अमोनिया १.५ पीपीएम (म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम), नायट्राइट ०.५, नायट्रेट ८० च्या वर, पीएच ७.८, पाण्याचं तापमान २९ अंश. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून थेट टाकीवर येत होतं.

हे आकडे आणि मासे पाळणाऱ्या घरातली स्वच्छता यांचा संबंध सांगायला हवा, कारण सूनबाई दुखावली. "दर पंधरा दिवसांनी आम्ही पूर्ण टाकी रिकामी करतो हो. खडी, स्पंज, सगळं नळाखाली चकाचक धुतो!" चूक तिथेच होती. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्याच स्पंजमध्ये आणि खडीत वाढतात. क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज पिळला की त्यातले बरेचसे मरतात, आणि नवी वसाहत बसायला तीन-चार आठवडे लागतात. इथे दर पंधरा दिवसांनी ती उखडली जात होती. टाकी दिसायला आरशासारखी लख्ख असायची आणि पाणी कायम कच्चं.

त्यात उष्णता. अमोनियाचा सगळाच भाग घातक नसतो, मुक्त स्वरूपातला तेवढा असतो. पीएच ७.८ असताना २० अंशांना तो भाग अडीच टक्क्यांच्या आसपास राहतो आणि २९ अंशांना साडेचार टक्क्यांच्या. पाण्यात विरघळणारा प्राणवायूही २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम असतो, तो ३० अंशांना साडेसातवर येतो. कल्ले का धावत होते ते यातून कळलं. पण मासा उलटा का पडला ते यातून कळत नाही. टाकीतले बाकीचे दोघे त्याच पाण्यात सरळ पोहत होते.

चिमूट

"खाणं कोण घालतं?" असं विचारल्यावर तिघांनी एकदम "मी" म्हटलं आणि मग एकमेकांकडे बघितलं.

आप्पा, म्हणजे सूनबाईचे सासरे, पहाटे फिरून आल्यावर घालत. नात शाळेतून आल्यावर घाली. रात्री ओटा आवरून झाला की सूनबाई. प्रत्येकाची एक 'चिमूट'. दुसरा घालतो हे तिघांनाही अर्धवट माहीत होतं, पण प्रत्येकाला आपली चिमूट लहान वाटत होती. दाणे तरंगणारे, लाल-हिरवे, मोठ्या डब्यातले.

मी तिघांना तीन कागदांवर रोजच्यासारखी चिमूट काढायला सांगितली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर काही उठेना. आप्पांचे एक मित्र सराफ आहेत. कागदाच्या पुड्या तिथे नेल्या आणि सोन्याच्या काट्यावर गोल्डफिशचे दाणे तोलले गेले. तिन्ही मिळून २.६ ग्रॅम. आप्पांची एकट्याची १.२.

मग मासे. मगात पाणी घेऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचं, आकडा शून्य करायचा आणि मासा सोडायचा. फेटा ४५ ग्रॅम, तिघे मिळून ११०. म्हणजे रोज वजनाच्या जवळजवळ २.४ टक्के कोरडं खाणं. वाढत्या पिल्लांना हे चालतं. तीन वर्षांच्या, पूर्ण वाढलेल्या, दोन फुटांच्या टाकीत बसून राहणाऱ्या माशाला एक टक्का पुष्कळ.

मत्स्यशेतीत एक साधं गणित वापरतात : खाद्याचं वजन गुणिले त्यातल्या प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२, म्हणजे माशातून बाहेर पडणारा अमोनियातला नायट्रोजन. डब्यावर प्रथिनं ३५ टक्के लिहिली होती. २.६ ग्रॅमचे दिवसाला ८४ मिलिग्रॅम होतात. ४८ लिटरमध्ये वाटले तर लिटरमागे पावणेदोन मिलिग्रॅम, रोज. पुरेसे जिवाणू नसलेल्या टाकीत हे जाणार कुठे? तेच खाणं १.१ ग्रॅमवर आणलं की ३५ मिलिग्रॅम होतात. मी हे गणित आप्पांसमोर कागदावर मांडलं. ते बँकेतून निवृत्त झालेले. आकडेमोड त्यांनी दोनदा तपासली आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण तोंड उघडून बघत असतो हो तो माझ्याकडे."

हे बघणं खरं आहे, आणि त्यामागे कारण आहे. गोल्डफिशला जठर नसतं. घशातल्या दातांनी चिरडलेलं अन्न थेट आतड्यात उतरतं. पोट भरलं असं थांबवणारी पिशवीच नाही, त्यामुळे निसर्गात हा मासा दिवसभर चिखल तोंडात घेतो, चाळतो, थुंकतो, थोडं थोडं गिळतो. काचेसमोर माणूस उभा राहिला की तो तोंड उघडणारच. सकाळी खाल्लेलं असलं तरी, पाच मिनिटांपूर्वी खाल्लेलं असलं तरी.

दुसरी गोष्ट हवेच्या पिशवीची. पाण्यात वर-खाली राहण्यासाठी माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. गोल्डफिशमध्ये ती दोन कप्प्यांची असते आणि एका बारीक नळीने अन्ननलिकेला जोडलेली. तरंगता दाणा खायला मासा वर येतो, दाण्याबरोबर हवाही गिळतो. शिवाय कोरडा दाणा आत गेल्यावर फुगतो. लांबट, साध्या गोल्डफिशला याचा फारसा त्रास होत नाही. ओरांडाला होतो. तो का होतो हे समजायला थोडं मागे, चीनपर्यंत जावं लागतं.

नाव हॉलंडचं, घराणं चीनचं

गोल्डफिशचा पूर्वज चीनमधला एक मळकट हिरवट-करडा मासा, कार्पच्या कुळातला, खाण्यासाठी पकडला जाणारा. त्यांच्यात अधूनमधून तांबडा-सोनेरी निपजतो, याच्या नोंदी जिन राजवटीपासूनच्या, म्हणजे चौथ्या शतकाच्या आसपासच्या आहेत. सोंग काळात हे रंगीत मासे तळ्यांत मुद्दाम पाळू लागले. ११६२ साली राजवाड्यात त्यांच्यासाठी खास तळं बांधवलं गेलं असं सांगतात. तळ्यात असेपर्यंत मासा रंगाने बदलला, आकाराने फारसा नाही. वेड्यावाकड्या आकाराचं पिल्लू तळ्यात तगत नाही, खाण्याच्या शर्यतीत मागे पडतं.

मिंग काळात मासे घरात आले, मातीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांत. इथे सगळं बदललं. भांड्यात बगळा नाही, प्रवाह नाही, खाणं समोर येतं. मग दोन शेपट्यांचा, आखूड पाठीचा, बटबटीत डोळ्यांचा, जो निपजेल तो जगला. एवढंच नाही, तोच निवडला गेला. १५९६ साली चांग छियानदे याने या लाल माशांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यातला सल्ला असा, की उन्हाळ्यात बाजारातून भरपूर मासे आणा, निरनिराळ्या हंड्यांत ठेवा, रोज नको ते काढत जा, शंभरातले एक-दोन राखा.

शंभरात एक-दोन. फेट्याचा गोल घाट या चाळणीतून आलेला आहे.

जोडशेपटीबद्दल तर आता जनुकाच्या पातळीवर माहिती आहे. तैवानच्या अॅकॅडेमिया सिनिकामधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की कॉर्डिन नावाच्या जनुकाची एक प्रत बिघडली की शेपूट आणि तिच्या खालचा पर दुहेरी होतो. गोल्डफिशच्या पूर्वजात फार पूर्वी सगळी जनुकंच दुप्पट झालेली असल्यामुळे त्याच्याकडे या जनुकाची दुसरी प्रत शिल्लक राहते. एक बिघडली तरी मासा मरत नाही, नुसता देखणा होतो. एरवी हा बिघाड जीवघेणा ठरला असता.

ओरांडाचं नाव जपानी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मासा चीनमधून नागासाकीमार्गे जपानात पोचला. त्या काळात जपानने युरोपीयांपैकी फक्त डचांना व्यापाराची मुभा दिली होती, तीही नागासाकीच्या देजिमा या चिमुकल्या बेटावरून. त्यामुळे बाहेरून आलेलं जे जे अनोखं दिसे त्याला 'ओरांडा', म्हणजे हॉलंडचं, म्हणायची रीत पडली. पूर्ण नाव ओरांडा शिशिगाशिरा, डच सिंहमुखी. डचांचा या माशाशी काडीचाही संबंध नाही. आपल्याकडे विलायती चिंच विलायतेतून आली नाही, मेक्सिकोकडची आहे, तसंच हे.

डोक्यावरचा गोळा म्हणजे त्वचेचीच वाढ. आपल्याकडचे हौशी लोक त्याला 'वेन' किंवा सरळ 'कॅप' म्हणतात. पिल्लाला तो नसतो. काही महिन्यांनी टाळूवर खरखरीतपणा येतो आणि पुढे दोन-तीन वर्षं तो भरत जातो. ओरांडाच्या काही जातींत तो टाळूबरोबर गालांवर आणि डोळ्यांखालीही येतो, तेव्हा चेहरा खरंच आयाळीतल्या सिंहासारखा दिसतो. लाल टोपीच्या जातीत तो टाळूपुरता असावा लागतो, बाकी अंग पांढरं. चिनी नावाचा अर्थ 'क्रौंचाच्या माथ्यावरची लाली', आणि जपानी लोकही त्या लाल माथ्याच्या क्रौंचावरूनच याला तांचो म्हणतात. रांचू आणि लायनहेड या गोल्डफिशच्या दुसऱ्या जातींनाही असाच गोळा असतो. पण त्यांच्या पाठीवर पर नसतो, ओरांडाच्या पाठीवर शिडासारखा उभा असतो. दुकानात गोंधळ झाला तर पाठ बघायची.

भारतात मिळणारे बहुतेक गोल्डफिश चेन्नईतल्या कोळत्तूरमधून नाहीतर कोलकात्याच्या बाजूने येतात. फेटाही त्यातलाच असणार. जन्मापासून कोमट पाण्यात वाढलेला, म्हणून २९ अंशांतही तग धरून होता. मूळ जात थंडाव्याची आहे. १८ ते २३ अंशांत ती सुखी असते.

आता पोटाकडे. कणा आखूड आणि वाकडा केला, की त्याखाली मावायचं ते सगळं, आतडं, यकृत, हवेच्या पिशवीचे दोन कप्पे, एका गोल डब्यात कोंबावं लागतं. साध्या गोल्डफिशमध्ये ते कप्पे मागे-पुढे नीट ओळीत असतात, तोल मधोमध राहतो. गोल माशात मागचा कप्पा आक्रसतो किंवा बाजूला ढकलला जातो. अशा घरात आतड्यात थोडा वायू धरला, तरी सगळा तोल जातो.

उपचार, आणि नवव्या दिवसाची गोष्ट

पहिल्या दिवशी मी फेट्याला वेगळं काढलं. मोठा उथळ टब, पाणी फक्त सहा इंच. वर-खाली करायला अंतर कमी, म्हणून दमणूक कमी. ४० लिटरला एक छोटा चमचा एपसम सॉल्ट. हे खायचं मीठ नव्हे, औषधाच्या दुकानात मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट. पोटाचा कोरडा भाग पाण्याबाहेर राहू नये म्हणून एअर पंपाचा दगड अशा जागी ठेवला की बुडबुड्यांनी उडणारं पाणी सतत त्यावर पडेल. खाणं तीन दिवस बंद, तिघांचंही. मोठ्या टाकीत रोज ३० टक्के पाणी बदललं, अँटी-क्लोरीन घालून मुरवलेलं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या पाण्यातच एकदा हलका पिळायचा. खिडकीला जाड पडदा.

निळं औषध बंद केलं. जंतुसंसर्गाचं एकही लक्षण नसताना ते घालण्यात मला अर्थ वाटत नाही, आणि ते स्पंजातल्या जिवाणूंनाही सोडत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी टबात लांब, पांढरट दोऱ्यासारखी विष्ठा दिसली, आत बुडबुडे अडकलेले. चौथ्या दिवशी कल्ल्यांचा वेग निवळला. मोठ्या टाकीतला अमोनिया ०.५ वर आला होता. त्या दिवशी उकडून साल काढलेला अर्धा मटार, चिमटीत चुरून. मटाराला इंटरनेटवर संजीवनीचा मान मिळालेला आहे. तंतुमय पदार्थाने आतडं पुढे सरकतं, एवढं खरं. पण मला विचाराल तर फेट्याला मटारापेक्षा आधीच्या तीन दिवसांच्या उपासाने उतार पडला. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो सरळ झाला. दोन तास. मग पुन्हा कलंडला. सहाव्या दिवशी अर्धा दिवस सरळ. आठव्या दिवशी पूर्ण सरळ, आणि मी त्याला मोठ्या टाकीत परत सोडलं.

नवव्या दिवशी दुपारी फोन. पुन्हा उलटा.

टाकी तपासली तर अमोनिया ०.२५, नायट्राइट अगदी पुसट, तापमान पडद्यामुळे २७. पाणी आठवड्यापूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं. मग झालं काय? सगळे गप्प. संध्याकाळी आप्पाच वर आले, चप्पल दाराबाहेर काढून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पहाटे घातलं मी. जुन्या डब्यातलं. आठ दिवस मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं, मला नाही जमलं."

मला राग आला होता. पण वहीत लिहिताना लक्षात आलं की आप्पांनी नकळत तो प्रयोग करून दिला होता जो मी मुद्दाम कधीच केला नसता. पाणी सुधारलेलं असताना, बाकी काही न बदलता, तेच तरंगते दाणे, तीच चिमूट, आणि सहा-सात तासांत तोच आजार. या वेळी कल्ले मात्र शांत होते. म्हणजे फेट्याला दोन वेगळे त्रास होते आणि पहिल्या दिवशी ते एकत्र दिसत होते. धाप पाण्यामुळे, उलटं पडणं दाण्यांमुळे. दोन्हीचं मूळ मात्र त्या तीन चिमटींत.

अकराव्या दिवशी ओळखीच्या एका पशुवैद्यांनी एक्स-रे काढून दिला. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत जेमतेम अंग भिजेल एवढं पाणी, काही सेकंदांचं काम. फोटोत पुढचा कप्पा टम्म फुगलेला होता. मागचा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, एका बाजूला चेपलेला. आतड्यात वायूचे काळे डाग. मागचा कप्पा आता वाढणार नाही, डॉक्टर म्हणाले. हा असाच जगायचा.

दुसरी फेरी आधीपेक्षा लवकर आटोपली. दोन दिवस उपास, मग मटार, आणि चौदाव्या दिवशी फेटा सरळ.

आता काय खातो

तरंगते दाणे घरातून गेले. त्यांच्या जागी बुडणारे, बारीक, आणि तेही पाच मिनिटं टाकीच्याच पाण्यात भिजवून. त्यांना फुगायचं ते वाटीत फुगू दे. तिन्ही माशांचं मिळून दिवसाला १.१ ग्रॅम, तीन वेळांत विभागून. तीन वेळा खायला घालणं ही चूक नव्हतीच. जठर नसलेल्या माशाला थोडं थोडं अनेकदा हेच योग्य. चूक एकूण वजनात होती.

आठवड्यातून दोनदा वड्या. कृती सांगते, कारण इमारतीतल्या तीन घरांनी मागून नेली आहे. साफ करून उकळत्या पाण्यातून काढलेली कोलंबी ४० ग्रॅम, सोललेले उकडलेले मटार ३०, वाफवलेला पालक २०, स्पिरुलिना या शेवाळाची पावडर ५. मीठ, तेल, लसूण काही नाही. मिक्सरमधून गुळगुळीत काढायचं. १५० मिलीलिटर पाण्यात ३ ग्रॅम चायना ग्रास उकळून, जरा कोमट होऊ देऊन, पण घट्ट व्हायच्या आत, त्यात मिसळायचं. ताटलीत थापून गार झाल्यावर कापायचं आणि फ्रीझरमध्ये. या वड्यांत बहुतेक पाणीच असतं, म्हणून वजन दाण्यांइतकंच धरायचं नाही. नखाएवढा तुकडा एका माशाला.

स्पिरुलिना आणि कोलंबी रंगासाठी. माशाचा लाल रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा असतो आणि तो मासा स्वतः तयार करू शकत नाही, खाण्यातून यावा लागतो. स्पिरुलिनातलं झिअॅझॅन्थिन हे तसलंच रंगद्रव्य मात्र गोल्डफिश स्वतःच्या शरीरात लाल अॅस्टाझॅन्थिनमध्ये बदलतो. सूनबाईने सुका जवळा सुचवला होता. तो मी नको म्हटलं, कारण बाजारातल्या जवळ्यात बऱ्याचदा मीठ असतं. जिवंत ट्युबिफेक्स किडेही नकोत, ते गटाराच्या पाण्यातून काढलेले असतात. गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे बारीक लाल अळ्या, महिन्यातून एकदा, जिवाची चैन म्हणून.

वेन भरावा म्हणून जास्त प्रथिनांचे दाणे खास विकले जातात. फेट्याला ते बंद. गोळा वाढत राहिला तर आधी डोळ्यांवर येतो, मग माशाला खाली पडलेलं दिसत नाही आणि तो वरच, हवेत तोंड घालून शोधत राहतो.

टाकीही बदलली. तीन फूट बाय दीड बाय दीड, पाणी १७० लिटर. एवढं वजन जुन्या टेबलावर ठेवू नका म्हणून मी दोनदा सांगितलं, तेव्हा लोखंडी स्टँड आला. त्याच गणिताने आता रोज लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम पडतात, आणि ते खायला दोन मोठे स्पंज फिल्टर आहेत. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतात. पूर्ण टाकी धुणं बंद, हे पटवायला मटारापेक्षा जास्त वेळ गेला.

राहिला प्रश्न चिमटीचा. तीन माणसं, एक डबा, आणि कुणीच दुसऱ्याला विचारत नाही. यावर तोडगा आप्पांनी काढला. त्यांच्याकडे रक्तदाबाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आहे, वारांची नावं लिहिलेली. तशीच दुसरी आणली. दर रविवारी सराफ मित्राकडे चहाला गेले की सोन्याच्या काट्यावर दाणे तोलून कप्पे भरून आणतात. ज्याला खाऊ घालायचं त्याने त्या दिवसाच्या कप्प्यातून घ्यायचं, आणि कप्पा रिकामा झाला की संपलं. मंगळवार आणि शनिवारच्या कप्प्यांत दाण्यांऐवजी चिठ्ठी असते : वडी. गुरुवारचा कप्पा रिकामा. आप्पांचा स्वतःचा गुरुवार असतो, साबुदाणासुद्धा खात नाहीत. त्या दिवशी फेट्यालाही उपास, आणि याबद्दल त्यांची आता काही तक्रार नाही.

आठ महिन्यांनंतर

फेटा जिवंत आहे, ५२ ग्रॅमचा झाला आहे. पोटावरचा लाल डाग गेला. पूर्ण बरा मात्र झालेला नाही. रात्री दिवे मालवल्यावर तो डोकं किंचित खाली करून झोपतो. एप्रिलमध्ये पाणी ३० अंशांवर गेलं तेव्हा दोन दिवस डावीकडे कलला होता. टाकीवर आडवा टेबल फॅन लावून पाणी २७ वर आणलं, एक दिवस खाणं थांबवलं, आणि तो सावरला. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या आसपास.

गोळा डाव्या डोळ्याच्या वरच्या कडेला टेकला आहे. काही जण तो भाग कापून घेतात. मी अजून तसं सुचवलेलं नाही. उजव्या डोळ्याने त्याला सगळं दिसतं, आणि बुडालेला दाणा तो वेळेत शोधतो, कधीकधी रयुकिनच्या आधी. महिन्यातून एकदा काचेला फूटपट्टी लावून त्या कडेचा फोटो काढतो, तारखेसह. जूनचा फोटो काल नातीने काढला. मेच्या फोटोपेक्षा फरक दीड मिलिमीटरचा आहे.